शिबिरातले दोन गुरुजी



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शाळाशाळांतून बालवीरांच्या, म्हणजे स्काउटांच्या, शिबिरांची आखणी सुरू होते. तंबू कोठे मारायचे, शिधा किती घ्यायचा, रात्रीचा पहारा कोणाचा, हे सारे ठरते. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुलांना शिकवायचे कोणी? गुरुजींनी, हे उत्तर ठरलेलेच. ज्या माळावर शिबिर भरते, त्या माळावर जन्म काढलेला मेंढपाळ शिबिरात आला, तर तो लाकडे आणायला किंवा पाणी भरायला. हा न्याय उलटा आहे. आणि तो कसा उलटा आहे, हे या चळवळीचा इतिहासच सांगतो.

या चळवळीचा जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज लष्करी अधिकारी. १८७६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो हिंदुस्थानात पलटणीत दाखल झाला. पुढे आफ्रिकेत गेला. १८९६ मध्ये, आज ज्याला झिंबाब्वे म्हणतात त्या मुलखात, मातबेले लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडण्याच्या मोहिमेत बेडन-पॉवेल होता, आणि यान ग्रूटबूम यांच्यासारखे आफ्रिकी वाटाडे त्याच्याबरोबर असत.

त्या दिवसांतली एक हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. सकाळी तो एका आफ्रिकी सोबत्याबरोबर टेहळणीला निघाला होता. गवतात ताजी पावले दिसली. सोबत्याने वाटेपासून थोडे दूर पडलेले एक पान उचलले. तसले झाड जवळपास कोठेच नव्हते. ते होते कित्येक मैलांवरच्या एका गावाजवळ. पान ओलसर होते आणि त्याला तिकडच्या घरगुती बिअरचा वास येत होता. तिकडच्या बाया बिअरची मडकी डोक्यावरून नेताना तोंडाला पाला लावतात. वारा वाहत होता तो पहाटे. आता पडला होता. म्हणजे त्या गावच्या बाया पहाटे बिअर घेऊन डोंगरातल्या आपल्या माणसांकडे गेल्या! एका पानावरून एवढा उलगडा झाला. आता तुम्हीच सांगा, यात गुरू कोण आणि शिष्य कोण?

असे अनुभव गोळा करून १८९९ मध्ये त्याने शिपायांसाठी टेहळणीचे पुस्तक काढले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांत बड्या शाळांतली मुले होती, तशी कष्टकऱ्यांची पोरेही होती. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरलव पक्षी अशी नावे असलेले चार संघ होते. त्यांना उठवायला कुडू हरणाचे शिंग फुंकत. ते शिंगसुद्धा आफ्रिकेतून आणलेले. १९०८ मध्ये मुलांसाठी पुस्तक निघाले आणि चळवळ जगभर पसरली.

आता आपल्याकडे वळू. माग काढणे ही काही आपल्याला परकी विद्या नव्हे. गावगाड्यात जागल्या, रामोशी, भिल्ल यांचे ते नेमून दिलेले काम होते. चोरी झाली की रखवालदाराने चोराची पावले ओळखत शिवेपर्यंत माग दाखवायचा. मग पुढची जबाबदारी शेजारच्या गावाची. पेशवाई बुडाल्यानंतर एलफिन्स्टनने १८१९ मध्ये आपल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेची नोंद आहे. पण पुढे काय झाले पाहा. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि १९११ मध्ये हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. रानात वावरणाऱ्या कितीतरी जमाती त्यात सापडल्या. म्हणजे ज्या काळात गोऱ्या मुलांना माग काढण्याबद्दल शाबासकी मिळू लागली, त्याच काळात इथल्या रानवाटा जाणणाऱ्या माणसांची पोलिसांपुढे हजेरी सुरू होती. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले.

आपल्या मुलांचे तरी काय? १९०९ मध्ये बंगलोरला पहिले पथक निघाले, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद. म्हणून १९१६ मध्ये मद्रासेस ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांसाठी वेगळी संस्था काढली. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीचे बालवीर पथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, स्काउटांचे मुख्य प्रवाह मिळून भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एक संस्था झाली. दार उघडले ते असे, झगडून. आता त्याच दारातून आपल्याच गावचा जाणता माणूस आत येऊ नये, हे बरे नव्हे.

मात्र जुने ते सारे सोने, असे मी म्हणत नाही. जुने आणि नवे शेजारीशेजारी मांडावे, आणि मुलांनी दोन्हींची परीक्षा घ्यावी.

दिशेचेच घ्या. दुपारी सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते, असे इंग्लंडमध्ये मुलांना बिनघोर सांगता येते. आपल्याकडे तसे नाही. कोल्हापुरास मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, पुण्यास मेच्या मध्यावर आणि नागपुरास मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलै-ऑगस्टपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते! म्हणजे ऐन शिबिराच्या दिवसांत परदेशी पुस्तकावर विसंबलेला मुलगा उलट्या वाटेला लागेल. मेच्या रात्री गावचा म्हातारा सप्तर्षी, म्हणजेच बाज, दाखवील. तिच्या पुढच्या दोन ताऱ्यांमधले अंतर त्याच रेषेत पाचपट वाढवले की ध्रुव सापडतो. पण आभाळ भरून आले की म्हातारा थांबतो आणि होकायंत्र कामाला येते. तेही लोखंडापासून दूर धरले पाहिजे, बरं का.

पाण्याचे पाहा. गढूळ पाण्याच्या रांजणात आतून निवळीचे बी घासले की गाळ खाली बसतो. ही युक्ती खरी आहे. पण नितळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी नव्हे. पटकीचे आणि विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून निवळीनंतर पाणी उकळलेच पाहिजे, नाहीतर त्यात क्लोरीन घातले पाहिजे.

आणि साप. रात्री काठी आपटत चालणे, लाकडाच्या ढिगात हात न घालणे, हे जुन्यांचे शहाणपण शंभर नंबरी. पण साप चावल्यावर मांत्रिक नको. जखम कापून विष चोखणे आणि करकचून दोर बांधणे, हे तर जुन्या शिबिर-पुस्तकांतही होते, तेही चूक. माणसाला धीर द्यावा, चावलेला भाग हलू देऊ नये आणि प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात तडक न्यावे. आपल्या देशात दरवर्षी हजारो माणसे सर्पदंशाने दगावतात. इथे गावाच्या अभिमानाला किंवा पुस्तकाच्या अभिमानाला जागा नाही.

तेव्हा गुरुजी, यंदाचे शिबिर आखाल तेव्हा एवढे करा. रोज एक विषय घ्या: दिशा, पाणी, दोर, माग. सकाळी गावातला एक जाणता माणूस बोलवा आणि त्याला मुलांसमोर खुर्ची द्या. दाव्याची, कासऱ्याची आणि नाड्याची गाठ तो बांधून दाखवील. दुपारी तोच विषय तुम्ही पुस्तकातून शिकवा. अंबाडीचा दोर आणि नायलॉनचा दोर एकाच खुंट्याला बांधून भिजवा, ओढा, कोणती गाठ सुटते ते पाहा. संध्याकाळी प्रत्येक संघाने वहीत लिहावे: कोणती रीत केव्हा चालली, केव्हा फसली आणि का. अशा दहा शिबिरांच्या वह्या जमल्या, तर त्या गावच्या विद्येचे ते एक पुस्तकच होईल.

ही विद्या सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ती विचारून घ्यायला पैसा लागत नाही. फक्त बोलावणे पाठवावे लागते.