उणीव की निवड?

समजा, तुम्ही २००३ सालच्या 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड'चा दर्जा ठरवताय. पोलिसांचा पाठलाग नाही, शर्यती फक्त रात्रीच्या. मग गेम अपुरा म्हणायचा का? थांबा, आधीचा गेम बघा. याच मालिकेतल्या २००२ च्या 'हॉट पर्सूट २'मध्ये पोलीस होते. म्हणजे ते जमत नव्हते असं नाही, मुद्दाम वगळले. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' सिनेमाची छाप इथं दिसते: रात्रीचं शहर, सजवलेल्या गाड्या. पोलीस २००५ च्या 'मोस्ट वाँटेड'मध्ये परतले. तेव्हा नंतरच्या गेमची फूटपट्टी आधीच्याला लावू नका. मीही आधी लावली होती. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. साधन कुठलंही असो, आधी विचारा: ही उणीव आहे की निवड?