प्रिन्सची सावली (१९८९)



गेल्या शनिवारी आम्ही तिघे शाळेतले मित्र एडिसनला जमलो आणि डॉसबॉक्सवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलो. १९९८ च्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लासचे सर जेवायला गेले की हाच उद्योग! बाराव्या लेव्हलला सावली समोर यायची. तिला तलवार मारली की आपलीच शक्ती कमी. सुट्टी संपली, सावली काही हरली नाही.

तिचा इतिहास मला इंजिनिअर झाल्यावर कळला. जॉर्डन मेक्नर हा गेम अ‍ॅपल टू वर जवळजवळ एकट्याने लिहीत होता. १९८५ मध्ये त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ घेतला आणि एकेक फ्रेम गिरवली. म्हणून तर राजपुत्र कठड्याला लटकला की आपल्या हाताला रग लागते. पण ह्या चित्रांनी मेमरी खाल्ली, शत्रूला जागाच उरेना. सहकारी टोमी पियर्स मात्र मारामारी हवीच म्हणून मागे लागलेली. शेवटी त्याने राजपुत्राचीच चित्रं एक बिट सरकवून स्वतःशीच 'एक्सॉर' केली. झाली सावली तयार, फुकटात! (सारखी जास्त रॅम मागणाऱ्या आमच्या टीमला हे सांगायला हवं.) पहारेकरी नंतर आले.

ह्यावेळी उत्तर माहीत होतं. तलवार म्यान केली, सावलीकडे धावलो, दोघं एक झाले. पुढे पूल दिसत नाही, तरी पाऊल टाकायचं. फरशा पायाखाली उमटतात. साठपैकी चार मिनिटं उरली होती, आणि शेवटच्या लढाईला कीबोर्ड कोणी धरायचा ह्यावरून आमचं १९९८ सारखंच जुंपलं!