सोसेकी यांची 'कोकोरो' : कादंबरी आणि तिचा वाचकवर्ग

आधुनिक जपानी कादंबरीच्या इतिहासात नात्सुमे सोसेकी (१८६७-१९१६) यांच्या 'कोकोरो' या कादंबरीचे स्थान अनन्यसाधारण आहे. 'कोकोरो' म्हणजे मन, अंतःकरण. सोसेकी यांनी १९०७ मध्ये टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील अध्यापन सोडून 'असाही शिंबुन' या दैनिकाची नोकरी पत्करली. त्याच दैनिकात २० एप्रिल १९१४ पासून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. सप्टेंबरमध्ये ती इवानामी या प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपात आणली. ही संस्था आदल्याच वर्षी जुन्या पुस्तकांचे दुकान म्हणून सुरू झाली होती. प्रकाशनाचा खर्च लेखकाने सोसला, पुस्तकाची सजावटही स्वतःच केली.

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिल्या दोन भागांत एक तरुण विद्यार्थी 'सेन्सेई' (गुरुजी) या एकाकी गृहस्थाविषयी आणि आपल्या मरणासन्न वडिलांविषयी सांगतो. तिसरा भाग म्हणजे सेन्सेईंनी त्याला लिहिलेले दीर्घ मृत्युपत्र. तरुणपणी त्यांनी 'के' या मित्राशी प्रेमप्रकरणात विश्वासघात केला आणि 'के'ने आत्महत्या केली. ही अपराधी भावना त्यांना जन्मभर पुरते. मात्र सेन्सेईंच्या मृत्यूला निमित्त मिळते ते इतिहासातून. ३० जुलै १९१२ रोजी सम्राट मेइजी निवर्तले आणि १३ सप्टेंबरला, अंत्ययात्रेच्या दिवशी, जनरल नोगी यांनी सपत्नीक प्राणत्याग केला. १८७७ च्या बंडात पलटणीचे निशाण शत्रूच्या हाती गेल्याचे शल्य नोगींनी ३५ वर्षे बाळगले होते. सेन्सेई या वर्षांचा हिशेब मांडतात, तेव्हा खासगी अपराध आणि संपलेले युग एकमेकांत मिसळून जातात.

कादंबरीच्या चिरस्थायी वाचकवर्गाचे श्रेय केवळ तिच्या गुणवत्तेला देणे अपुरे ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर ती उच्च माध्यमिक शाळांच्या पाठ्यपुस्तकांत समाविष्ट झाली व पुढे जवळजवळ अनिवार्यच बनली. शिंचो प्रकाशनाच्या स्वस्त आवृत्तीच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या आहेत. परंतु पाठ्यपुस्तकातील उतारा सहसा तिसऱ्या भागातील 'के'च्या प्रसंगाचा असतो. त्यामुळे मृत्युशय्येवरील पित्याला सोडून टोकियोची आगगाडी पकडणारा आणि ते पत्र वाचणारा तरुण वगळला जातो. युगान्ताची कादंबरी वर्गात मैत्री आणि स्वार्थ यांची बोधकथा होते. ही हानी लहान नव्हे. त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे सोसेकी सांगत नाहीत. पत्र संपते तेथेच कादंबरी संपते. उतारा वाचणाऱ्याला मात्र हे पत्र कोणाच्या हाती पडले आहे, याचीच नीट जाणीव होत नाही.

शताब्दीनिमित्त 'असाही शिंबुन'ने २० एप्रिल २०१४ पासून ही कादंबरी पुन्हा क्रमशः छापली. शाळेत केवळ उतारा वाचलेल्यांनाही मग पत्रापर्यंत पोहोचण्यासाठी रोजच्या अंकाची वाट पाहावी लागली.