आधी गाडीसाठी रांग, आता पार्टसाठी

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा.

आमच्या घरातली इलेक्ट्रिक स्कूटर आज 52 दिवस झाले, जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. गाडी बायकोची. तिची शाळा 14 किलोमीटरवर. दसऱ्याला घेतली, हार घातला, पेढे वाटले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चढावर डिस्प्लेवर लाल खूण आली, अॅक्सिलेटर पिळला तरी गाडी ढिम्म हलेना. बंद करून चालू केली, तेच. छोटा हत्ती करून 38 किलोमीटर नेली, त्याचे 1,200 रुपये गेले. तिथल्या पोरानं लॅपटॉप जोडला आणि सांगितलं, "सर, कंट्रोलर गेलाय. वॉरंटीत आहे, एक रुपया लागणार नाही. फक्त पार्ट यायचाय."

तो पार्ट अजून येतोय. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जातोय. बायको सकाळी 7:10 च्या एसटीनं जाते. एसटी चुकली की वडापनं.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. एका कंपनीवर राग काढायचा म्हणून ही पोस्ट नाही. परवा घरी बोलता बोलता वडील म्हणाले, "आमच्या वेळी गाडी मिळायला सात वर्षं लागली, तुम्हाला मिळालेली गाडी वापरायला मिळेना." ते वाक्य डोक्यात बसलं. मग जुनी कागदपत्रं काढली, थोडं वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. 1978 साली त्यांनी प्रिया स्कूटर बुक केली. प्रिया म्हणजे साताऱ्याची गाडी. 1975 साली बजाज ऑटो आणि सरकारी पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ या दोघांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात प्रिया तयार व्हायला लागली. आमच्या गावापासून तो कारखाना एसटीनं तासाभराच्या अंतरावर. तासाभरावर बनणारी गाडी आमच्या दारात यायला 1985 उजाडलं. मी तेव्हा लहान होतो. गाडी आली त्या दिवशी आळीतली सगळी पोरं जमली होती, एवढं मला आठवतं.

आजच्या पोरांना हे खोटं वाटेल. पण त्या काळी कुणी किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीत ठरायचं. 1951 च्या उद्योग कायद्यानं कारखान्याला परवाना मिळायचा आणि त्या परवान्यात उत्पादनाचा आकडा असायचा. त्याच्या फार पुढं जाऊन जास्त गाड्या काढल्या तर तो गुन्हा. 1969 च्या एमआरटीपी कायद्यानं मोठ्या उद्योगघराण्यांच्या वाढीवर आणखी एक कुलूप लावलं. विक्रीचंही तेच. 1960 साली केंद्रानं स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढला होता. म्हणजे बनवणाऱ्याच्या हातात आकडा नाही, घेणाऱ्याच्या हातात फक्त नंबर.

गाड्या तरी किती होत्या? मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं पन्नाशीच्या दशकात लॅम्ब्रेटा आणली. बजाजनं साठीच्या सुरुवातीला इटलीच्या पियाजिओच्या परवान्यानं व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार 1971 ला संपला आणि 1972 ला त्याच घडणीची चेतक आली. लखनौला सरकारी स्कूटर्स इंडिया निघाली, तिची विजय. बाकी आपल्या नगरची लूना होती, पण ती मोपेड. तिच्यावर गुरुजी, बाई आणि दोन पोरं कशी बसणार? (बसायची म्हणा. मी पाहिलंय.)

बजाजचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं लागायची हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातून पळवाटाही निघाल्या. परदेशात भाऊ किंवा मेहुणा असेल आणि त्यानं परकीय चलनात पैसे भरले, तर गाडी लगेच मिळायची. काही जण नुसता नंबर लावून ठेवायचे आणि गाडी हातात पडली की वरचे पैसे घेऊन विकायचे. वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग, हा चमत्कार त्या काळात रोजचा होता. अण्णांनाही एकानं हातोहात विकायची गळ घातली होती. आई आडवी आली.

म्हणून जुन्या काळाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. ती गाडी काही देवानं दिलेली नव्हती. पावसात प्लग भिजायचा. ब्रेक लागला तर नशीब. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे नवशिक्याला गाडी सतत एकीकडे ओढतेय असं वाटायचं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ते कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त पडलं तर मागं धुराची भिंत. किक मारून मारून अण्णांची पोटरी दुखायची. मग गाडी एका अंगावर कलती करायची, सरळ करायची, परत किक. हा सकाळचा व्यायाम आळीत प्रत्येक स्कूटरवाल्याच्या दारात चालायचा.

पण गाडी बंद पडली की काय व्हायचं, ते सांगतो. अण्णांच्या डिकीत एक प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जुना प्लग कायम असायचा. प्लग काढायचा, काजळी घासायची, लावायचा. दहातल्या सहा वेळा गाडी तिथंच चालू. नाही झाली तर ढकलत स्टँडाजवळच्या मिस्त्रींकडं. मिस्त्री चौथी शिकलेले. ते गाडीकडं न बघता आधी आवाज ऐकायचे. "गुरुजी, कार्बोरेटरचा जेट तुंबलाय." जेट काढून तोंडानं फुंकायचे, उजेडाकडं धरून भोकातून बघायचे. क्लच केबल तुटली तर दहा मिनिटांत नवी. पॉइंट गेला, कंडेन्सर गेला, तर तो त्यांच्या पत्र्याच्या डब्यात असायचाच. नसला तर प्रियाला बजाजचे बरेच पार्ट चालायचे, ते मिळायचे. अगदीच अडलं तर पुण्याच्या नाना पेठेतून दुसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं यायचं. इंजिन पूर्ण उघडून बोअर करायचं असलं तर जास्तीत जास्त आठवडा. तेवढ्यातही अण्णा मिस्त्रींवर चिडायचे.

गाडीबरोबर फ्री सर्व्हिसिंगची कुपनं आली होती. त्यातली दोन वापरली, बाकीची अजून पेटीत आहेत. वॉरंटीचं काय, असं परवा अण्णांना विचारलं तर म्हणाले, "असेल काहीतरी पुस्तकात लिहिलेलं. मिस्त्री होते की."

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. 1985 साली गाडी मिळवण्यावर सरकारचा आणि कंपनीचा ताबा होता, पण मिळालेल्या गाडीवर पूर्ण ताबा अण्णांचा आणि मिस्त्रींचा. ती कुणीही उघडावी. आज उलटं झालंय. गाडी मोबाइलवरून बुक होते, आठवड्यात दारात येते, कर्ज अर्ध्या तासात पास. पण बिघडली की ती उघडायचा अधिकार एकाच दरवाजामागं. बाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी गेली, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. आणि हात लावून तरी काय करणार? कंट्रोलर, बॅटरीचा मेंदू, डिस्प्ले हे सगळे एकमेकांना ओळखतात. बऱ्याच गाड्यांत नवा कंट्रोलर बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरनं जुळवल्याशिवाय गाडी चालत नाही. नाना पेठेत तो सुटा मिळत नाही. म्हणजे रांग संपली नाही, शोरूमसमोरून उठून सर्व्हिस सेंटरच्या शेडमध्ये गेली.

मध्ये बरंच काही घडून गेलं, तेही सांगायला हवं. 1984 ला किनेटिक होंडा आली, बटन स्टार्ट, गिअर नाही. कानपूरची एलएमएल व्हेस्पा आली. 1991 नंतर परवाने उठले आणि रांगा विरघळल्या. कंपन्यांना गिऱ्हाइकाच्या मागं लागायची वेळ आली.

त्याच काळात गिऱ्हाइकाच्या बाजूनं कायदाही उभा राहिला, आणि त्यात आपल्या मातीचा वाटा मोठा आहे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. त्याआधी वस्तू खराब निघाली तर 1930 चा माल विक्री कायदा आणि दिवाणी कोर्ट. स्कूटरच्या क्लचसाठी दिवाणी दावा कोण लावणार? 1986 च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले, वकील न लावता तक्रार करता यायला लागली. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यातली एक गोष्ट आपल्यासारख्या गाववाल्यांच्या फार कामाची: आपण जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्याही राज्यात असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही.

मग अडतं कुठं? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, दिवस कुणीच मोजत नाही. वॉरंटीचं पुस्तक मी दोनदा वाचलं. वर्षं लिहिलीत, किलोमीटर लिहिलेत. दुरुस्ती किती दिवसांत करणार, हे कुठंच नाही. कायद्यातही वॉरंटीच्या दुरुस्तीला ठरलेली मुदत नाही. 'सेवेतील त्रुटी' असं मोघम आहे, ती त्रुटी आपण सिद्ध करायची. 2006 साली एका मोटारीच्या क्लचच्या वादात सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की वॉरंटीनं कंपनी खराब भाग बदलून द्यायला बांधील आहे, अख्खी गाडी नाही. ठीक आहे. पण भागच आला नाही तर? अमेरिकेत कनेटिकट राज्यानं 1982 सालीच यावर कायदा केला. नव्या गाडीचा तोच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा गाडी एकूण 30 दिवस गॅरेजमध्ये अडकली, तर कंपनीला गाडी बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. मग इतर राज्यांनीही तसे कायदे केले. तिथं त्याला 'लेमन लॉ' म्हणतात. त्या हिशेबानं आमच्या गाडीचे तीस दिवस केव्हाच भरलेत.

दुसरं, आयोगाचाच वेळ. कायद्यात तीन महिने लिहिलेत, वस्तूची तपासणी लागली तर पाच. मी बातमीदार म्हणून जिल्हा आयोगात जातो. तारखा बघतो. तीन महिने हा आकडा तिथं कुणी गंभीरपणे घेत नाही.

हे आमच्या एकट्याचं रडगाणं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं एका मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीला नोटीस काढली. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात दहा हजारांहून जास्त तक्रारी होत्या. कंपनीनं उत्तर दिलं, 99 टक्क्यांहून जास्त सोडवल्या. आमची गाडी त्या कंपनीची नाही, पण उत्तराचा सूर ओळखीचा वाटला. आमचीही तक्रार अॅपवर दोनदा 'निवारण झाले' म्हणून बंद झालीय. गाडी शेडमध्ये, तक्रार बंद. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून पोर्टलही काढलं, त्यात वाहनं आहेत. पण ते माहिती देण्यापुरतं. पार्ट द्यायची सक्ती त्यात नाही.

मागच्या शनिवारी मी त्या शेडमध्ये गेलो. 33 गाड्या मोजल्या. काहींच्या सीटवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. कामाला तीन पोरं. त्यातल्या एकानं चहा पाजला. म्हणाला, "सर, आम्हाला शिव्या खायची सवय झालीय. आम्ही जुना पार्ट कंपनीला पाठवायचा, त्यांनी मंजुरी द्यायची, मग नवा येणार. आमच्या हातात काय आहे?" खरंच आहे. आमच्या मिस्त्रींच्या डब्यात कंडेन्सर असायचा, या पोराच्या हाताशी फक्त लॅपटॉप आहे. त्याच्यावर आवाज चढवून आलेल्या लोकांत मीही होतो, त्याचं वाईट वाटलं.

आता कामाचं. ज्यांच्या गाड्या अशाच अडकल्यात त्यांनी गाडी सोडताना जॉब कार्ड घ्याच, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. फोनवर बोलू नका, मेसेज किंवा मेल करा म्हणजे पुरावा राहतो. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर जपून ठेवा. आणि जॉब कार्डचा फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा, नाव-पत्ता झाकून. आपल्या तालुक्यातून किती गाड्या किती दिवस अडकल्यात याची यादी करतोय. वीस झाल्या की जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडं आणि जिल्हा ग्राहक आयोगात एकत्र जाऊ. आजपर्यंत सात आल्यात. सगळ्यात जुनी 94 दिवसांची आहे, एका दूधवाल्याची.

आमच्या बाजूनं कंपनीला आणि विक्रेत्याला परवा स्पीड पोस्टानं नोटीस गेलीय, पंधरा दिवसांची मुदत देऊन. काल सेंटरमधून फोन आला, रविवारी या म्हणून. याआधी तीन रविवार असेच दिलेत. अण्णा म्हणतायत, मी पण येतो, तो कंट्रोलर काय असतो ते बघायचंय मला. घेऊन जातोय त्यांना. गाडी मिळाली तर इथंच कळवतो, नाही मिळाली तरी कळवतो.