नाव न विचारणारं दार

ऑनलाइन समुपदेशन कोविडमुळे आलं, असा आपला एक समज असतो. इतिहास वेगळं सांगतो. १९८६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने आपल्या संगणक-जाळ्यावर ‘अंकल एझ्रा’ सुरू केलं. नाव संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांचं. विद्यार्थ्याने निनावी प्रश्न टाकायचा, उत्तर सगळ्यांनी वाचायचं. एकाने विचारलं, की गप्प बसलेल्या इतरांनाही उत्तर मिळायचं.

त्याआधी, १९४२ मध्ये, कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनावरच्या आपल्या पुस्तकात ‘रुग्ण’ हा शब्द सोडून ‘क्लायंट’ धरला होता. शब्द बदलला तसं नातंही बदललं. सल्ला कमी, ऐकणं जास्त.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये फोन आणि ईमेलवर ‘आयकॉल’ सुरू केलं. २०२० मध्ये केंद्राचं ‘मनोदर्पण’ आलं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं.

मग समोरासमोर बरं की ऑनलाइन? निनावीपणामुळे तोंड उघडतं, हे खरं. पण मूल धोक्यात असेल, तर त्याच निनावीपणामुळे आपण त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून पहिलं वाक्य पडद्यावर लिहिता यावं आणि पुढे भेटायला खोलीत माणूस असावा. तोच माणूस हजेरी आणि गुणही सांभाळत असेल, तर मात्र ती खोली रिकामीच राहील. नेमणूक आदेशाने होते. विश्वास आपल्यालाच कमवावा लागतो.