लाखाचा स्वल्पविराम

एक लाखाचा आंकडा पुण्यांतील कारकून १,००,००० असा मांडतो. परदेशांतून आलेला संगणक तोच १००,००० असा दाखवी. शेवटचे तीन अंक सोडून पुढें दोन-दोन अंकांनीं स्वल्पविराम द्यावयाचा, ही येथील रीत त्याला ठाऊकच नव्हती. तारखेची गोष्ट तर याहून घातक. अमेरिकन पद्धतींत महिना आधीं; म्हणून ५/७ म्हणजे पांच जुलै नव्हे, सात मे! हप्त्याची मुदत हुकावी आणि चूक कोणाची हें कळूंहि नये.

१९८८ सालीं पुण्यांत 'सी-डॅक' ही संस्था निघाली. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें जन्मलेलें 'जिस्ट' तंत्र तिनें वाढविलें. संगणकांत एक कार्ड बसविलें कीं पडद्यावर देवनागरी उमटूं लागे. अक्षरांना संकेतांक नेमणारी 'इस्की' ही भारतीय प्रणालीहि त्याच सुमारास सिद्ध झाली, आणि तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच 'युनिकोड'नें देवनागरीची मांडणी घेतली.

पण अक्षरें आलीं म्हणून रीत आली असें नव्हे. दिवस आधीं कीं महिना, हें पुष्कळदां आज्ञावलीच्या पोटांतच कायमचें लिहिलेलें असे. पुढें अशा खुणा बाहेर काढून प्रदेशवार कोष्टकांत ठेवण्याची युक्ति रूढ झाली. युनिकोडच्या सामायिक कोष्टकांत मराठीसाठीं देवनागरी अंक आणि लाख-कोटींची विभागणी दोन्ही आहेत.

रुपयाचें चिन्ह मात्र १५ जुलै २०१० रोजीं मंजूर झालें व ऑक्टोबरांत युनिकोडमध्यें आलें. तरी जुन्या अक्षरसंचांत त्याची आकृतीच नसल्यानें कित्येक पडद्यांवर रुपयाच्या जागीं रिकामा चौकोन दिसे.