सासष्टीतील येशूसंघीयांचे भाषाकार्य आणि रोमन लिपीतील मराठी

गोमंतकातील ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी मराठी व कोंकणी भाषांची जी सेवा केली, तिची चर्चा आपल्याकडे प्रायः दोन टोकांनी होत आली आहे. एक पक्ष फादर स्टीफन्सच्या मराठीप्रेमाने भारावून जातो. दुसरा पक्ष भग्न देवळांकडे व जळालेल्या पोथ्यांकडे बोट दाखवून या सेवेचा विचारच नाकारतो. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे. परंतु दोघांनीही ज्या साधनाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही ते म्हणजे या ग्रंथांची लिपी. रोमन लिपीत छापलेले हे मराठी केवळ परक्या वेषातले मराठी नसून सतराव्या शतकातील उच्चाराची ती एक साक्ष आहे, आणि ही साक्ष कोणत्या परिस्थितीत नोंदली गेली हे ध्यानात घेतल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

येशूसंघास पोप तिसरा पॉल याने २७ सप्टेंबर १५४० रोजी मान्यता दिली आणि अवघ्या दोन वर्षांत, ६ मे १५४२ रोजी, फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोहोचला. ज्या प्रदेशात राहावयाचे तेथील भाषा शिकावी, असा या संघाचा नियमच होता. गोव्यात धर्मप्रसाराचे क्षेत्र संघासंघांत वाटले गेले तेव्हा बारदेश फ्रान्सिस्कनांकडे आणि सासष्टी येशूसंघाकडे आली. (ही सासष्टी गोव्यातील, मुंबईजवळची साष्टी नव्हे.) ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यास मुद्रणयंत्र आले; ते संत पॉल विद्यालयात, म्हणजे येशूसंघाच्याच वास्तूत, बसविण्यात आले. भाषा, विद्यालय आणि मुद्रणालय ही तिन्ही साधने अशा प्रकारे एका संघाच्या हाती एकवटली.

याच काळाची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. स्थानिक ब्राह्मणाच्या घरातून पुराणग्रंथ हस्तगत करून ते संत पॉल विद्यालयात आणल्याची हकीकत येशूसंघाच्याच १५५९ च्या पत्रव्यवहारात समाधानाने सांगितलेली आढळते. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी रुडॉल्फ अक्वाविवा व त्याचे चार सहकारी अशा पाच येशूसंघीयांचा वध केला, तो या पार्श्वभूमीवर. त्यांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी ज्याने पुढाकार घेतला, तो इंग्रज धर्मोपदेशक म्हणजेच टॉमस स्टीफन्स होय.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ मध्ये रोम येथे त्याने येशूसंघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बन सोडून तो त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरला. पुढील सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याचे वास्तव्य मुख्यतः सासष्टीतच होते. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्याने नमूद केले आहे. सर विल्यम जोन्सच्या १७८६ मधील प्रसिद्ध व्याख्यानापूर्वी दोनशे वर्षे लिहिलेले हे वाक्य तौलनिक भाषाशास्त्राच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. तथापि त्याचे महत्त्व सिद्धांत म्हणून नसून सूक्ष्म श्रवणाचा पुरावा म्हणून आहे. हा मनुष्य भाषा ऐकत होता.

त्याने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ या वर्षी त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. दोन पुराणे, ९५ अवस्वरू आणि १०,९६२ ओव्या असा त्याचा विस्तार आहे. ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग मार्मिक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक धर्मांतरित ब्राह्मण उभा राहून विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी नवी का देत नाही? हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेला असो वा कवीने योजलेला असो, ख्रिस्तपुराणाच्या जन्माचे खरे कारण त्यात उघड झाले आहे. पोथ्या हिरावून घेतल्यामुळे जी पोकळी निर्माण झाली, तीच या काव्याची जन्मभूमी होय. विध्वंस आणि निर्मिती या येथे दोन निराळ्या कथा नाहीत.

भाषेची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण आणि व्याकरण यांसाठी स्टीफन्सने सासष्टीची बोली स्वीकारली. त्याचा कोंकणी ख्रिस्तीधर्मबोध १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण दियोगु रिबैरु व इतर संघबंधूंनी भर घातल्यावर १६४० मध्ये छापले गेले. काव्यासाठी मात्र त्याने ग्रांथिक मराठी निवडली. शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाही, म्हणून प्राचीन कवींचे अवघड शब्द टाळून जागोजाग ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असा खुलासा त्याने प्रस्तावनेत केला आहे. फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुआ याने संत पीटरच्या चरित्रावर रचलेले विस्तीर्ण ओवीबद्ध काव्य १६२९ व १६३४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले, तेही मराठीतच. बोलीत शिकवावे आणि ग्रंथभाषेत गावे, हा त्या काळच्या गोमंतकीय समाजाचाच भाषाव्यवहार होता; संघाने तो उचलला.

आता लिपीचा प्रश्न. हे ग्रंथ रोमन लिपीत छापले गेले ते रोमनच्या आवडीमुळे नव्हे. ५ डिसेंबर १६०८ रोजी संघप्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा यास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्सने, मलबारात जसे देशी भाषेत व देशी लिपीत ग्रंथ छापले गेले तसे या प्रांतातही छापले जावेत, अशी अनेक वर्षांची इच्छा व्यक्त केली आहे. युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, येथे सुमारे सहाशे साचे लागतील, ही त्याने सांगितलेली मुख्य अडचण. ही संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येते, असेही त्याने कळविले. परंतु ते टंक कधीच पाडले गेले नाहीत. तमिळमध्ये मात्र १५७८ मध्येच कोल्लम येथे देशी टंकात पुस्तक निघाले होते. या फरकाचे एक कारण लिप्यांच्या घडणीत आहे. तमिळ लिपीत महाप्राण व घोष व्यंजनांसाठी स्वतंत्र अक्षरे नाहीत आणि जोडाक्षरांचा पसाराही फारसा नाही. देवनागरीत दोन्ही आहेत. मराठी मुद्रणाची वाट अशा रीतीने जोडाक्षरांनी अडविली.

परंतु या अडचणीतूनच भाषाशास्त्रज्ञास अनपेक्षित लाभ झाला. देवनागरीत लिहिणारा लेखक बहुधा परंपरेने चालत आलेले शुद्धलेखन उतरवितो. रोमन लिपीत प्रथमच मराठी लिहिणाऱ्यास अशी परंपरा उपलब्ध नव्हती, त्यास कानावर विसंबावे लागले. ‘भाषा’ हा शब्द घ्या. पोर्तुगीज पद्धतीने ‘श’ दाखविण्यासाठी ‘एक्स’ हे अक्षर हाताशी होते आणि ते अन्यत्र वापरलेही आहे. पण या शब्दात ‘एस’ येतो. म्हणजे कानावर पडलेला उच्चार ‘भास’ किंवा ‘भासा’ असा होता. देवनागरीत उतरविताना येथे ‘भाषा’ असे लिहिले, तर शब्द शुद्ध होतो, पण साक्ष पुसली जाते.

मात्र ही साक्ष तपासूनच घेतली पाहिजे. मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी अक्षर दुप्पट करण्याची रीत या लेखनात आहे. ‘मराठी’तील ठकारासाठी ‘टी’ दोनदा आणि त्यापुढे ‘एच्’ येतो, ळकारासाठी ‘एल’ दोनदा येतो. पण ‘भासा’तही ‘एस’ दोनदा आहे, आणि तेथे मूर्धन्यत्वाचा संबंध नाही. पोर्तुगीज लेखनात दोन स्वरांमधील एकेरी ‘एस’चा उच्चार घोष होतो, तो टाळण्यासाठी केलेले हे द्वित्व आहे. एकाच युक्तीचे दोन अर्थ झाले. त्याचप्रमाणे ‘चोखळ’ या शब्दातील चकार आज आपण दंततालव्य उच्चारतो. तेथेही ‘सी-एच्’ हीच जोडी योजिलेली आहे. यावरून त्या काळी हा चकार तालव्य होता असे ठरविणे घाईचे होईल. दंततालव्य स्पर्शसंघर्षी वर्णासाठी पोर्तुगीज लेखनात सोयीचे चिन्हच नव्हते. लिपी जेथे भेद दाखवू शकते तेथे तिचे ऐकावे. जेथे ती दाखवूच शकत नाही तेथे तिच्या मौनाला पुरावा मानू नये.

या ग्रंथांचे पुढे जे झाले, तेही या विवेचनाचाच भाग आहे. २७ जून १६८४ च्या हुकुमाने व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशी भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचे बंधन प्रजेवर घातले. १७५९ मध्ये येशूसंघासच पोर्तुगीज सत्तेने आपल्या मुलुखातून हद्दपार केले. भाषा शिकणारी संस्था गेली आणि भाषेवरील बंधनाची मनोवृत्ती मागे राहिली. ख्रिस्तपुराणाच्या तीन मुद्रित आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो उतरून घेतला, वाचला, गायिला. अशा प्रतींवरूनच जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीत त्याची आवृत्ती काढली. पुढे लंडन येथील मार्स्डेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित जस्टिन एबट यांनी पुढे आणले व तेच मूळ होय असे प्रतिपादन केले. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास प्रसिद्ध झाली.

आणि हिरावून नेलेल्या पोथ्यांचे काय? त्यांचाही काही अंश उरला आहे, आणि तो जेथे अपेक्षिणार नाही अशा ठिकाणी. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात व मराठी पद्यात, रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या सापडल्या. खंडनासाठी आणि भाषाध्ययनासाठी केलेली ही लिप्यंतरे होत. ज्या वाङ्मयास गोव्यात थारा राहिला नाही, त्याचा सोळाव्या शतकातील एकमेव अवशेष काही बाबतींत त्या वाङ्मयाच्या विरोधकांच्या वहीतच टिकून राहिला.

यास्तव या ग्रंथांकडे कृतज्ञतेने पाहावे की रोषाने, हा प्रश्न अभ्यासकापुरता तरी दुय्यम आहे. पहिले कर्तव्य हे की, या ग्रंथांची देवनागरी प्रत तयार करताना प्रत्येक ओवीसमोर मूळ रोमन पाठ जसाच्या तसा ठेवावा; शब्द ‘शुद्ध’ करण्याचा मोह आवरावा. देवनागरीत आणलेला पाठ हे संपादकाचे अनुमान असते, मूळ नव्हे. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी सासष्टीतील माणसे कशी बोलत होती, हे सांगणारे साधन आपल्याजवळ एवढेच आहे. त्यांच्या पोथ्या एकदा गेल्या, त्यांचा उच्चार तरी आपल्या हातून जाऊ नये.